दारासमोरचे साठ जोर

मनगटावरचं घड्याळ काढून जवळच्या माणसाच्या हातात ठेवायचं, "धरा राव, आलोच" म्हणायचं आणि पळत सुटायचं. त्या माणसाची ओळख असो वा नसो. एकदा मनमाडला आमच्या गाडीचं इंजिन पाणी घेत होतं, तेवढ्यात हा आमचा फिटर फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा वेळा पळाला. घड्याळ दिलं होतं तिकीट तपासनिसाला. तो बिचारा ते धरून उभा राहिला आणि आमची तिकिटं बघायची विसरला.

भोसरीच्या आमच्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथ बनत. त्या गावोगावी नेऊन बसवायचं काम त्याचं, गिऱ्हाइकाच्या सह्या आणायचं माझं. त्यामुळे एकोणीसशे सत्तरनंतरची बरीच वर्षं आम्ही एसटीने आणि रेल्वेने एकत्र हिंडलो. रोज दोन मैल पळणं आणि साठ जोर हा त्याचा नेम होता. भोसरीतल्या भाड्याच्या खोलीत असो की परगावी. जोर काढून उठला की हात झटकत एवढंच म्हणे, "आजचे झाले." अभिमानाने नव्हे, हजेरी लावल्यासारखं.

अभिमान कंपनीला वाटला. सत्काराचा घाट घातला गेला. प्रमुख पाहुणे बलोपासनेवर पाऊण तास बोलले. व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढल्याची धाप त्यांना पहिली दहा मिनिटं पुरली. शाल पुढे आली तेव्हा हा म्हणाला, "साहेब, त्यापरीस बुटाचा जोड द्या. शाल घेऊन पळता येत न्हाई." शालच दिली. ती आधीच आणून ठेवली होती.

एकदा आम्ही एका साखर कारखान्यावर लेथ बसवायला गेलो. गळिताचा हंगाम. आमच्या खोलीत दोन खाटा आणि मधे अवजारांची पेटी. जोर काढायला जागा नाही. पहिल्या सकाळी हा उसाच्या गाड्यांमधून वाट काढत पळून आला आणि रस्त्याच्या कडेलाच हात टेकू लागला. चारचौघांत हे बरं दिसत नाही, असं मलाच वाटलं. गावात तालीम होती. मी त्याला तिकडे नेलं.

दारात वस्ताद उभा होता. "या पाव्हणं. कोण म्हणायचं?"

मी माझं आडनाव सांगितलं.

"आणि हे?"

त्याचं घर बौद्ध. आडनावावरून ते लगेच कळायचं, आणि कळल्यावर कुठल्या दारात काय होतं हे मी त्याच्याबरोबर हिंडताना पाहिलं होतं. सकाळी सकाळी कटकट नको म्हणून मी म्हणालो, "हे आमचे चुलतभाऊ."

"न्हाई," तो म्हणाला. "भाऊबीऊ न्हाई. एका कंपनीत हाय आमी." आणि त्याने स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि मावळातलं गाव, सगळं सावकाश सांगितलं.

वस्तादाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज माती उकरायचीय," तो म्हणाला. "उद्या बघू." आतून शड्डू ठोकल्याचे आवाज येत होते.

मी म्हणालो, "चला, जाऊ दे."

"जाऊ दे काय? आजचे राहिलेत."

दारासमोरच्या फरशीवर हात टेकून त्याने साठ काढले. संथपणे, एकही न चोरता.

परतताना मी म्हटलं, "चुकलं माझं. तुम्हाला आत घ्यावं म्हणून बोललो."

"तुमच्या आडनावानं आत गेलो असतो, तर जोर कुणाचे झाले असते?" थोडं चालून तो पुढे म्हणाला, "गावच्या तालमीत घेतलं न्हाई म्हणून मी हे नदीकाठी सुरू केलं. तवापासून एवढी गावं हिंडलो. जोर चुकवला न्हाई आन् आडनाव लपवलं न्हाई. तुमी एका सकाळीत दोन्ही घालवत होता, राव."

 

लेथ बसायला आणखी पाच दिवस लागले. पाचही दिवस तो त्याच दारासमोर गेला. कारखान्याच्या टाइमकीपरने गोदामामागची मोकळी जागा सुचवली. "मला तालमीम्होरचीच बरी हाय," एवढंच याचं म्हणणं. वस्ताद रोज हाताची घडी घालून दारात उभा.  आतली माती बहुधा रोजच उकरली जात होती.

ऐंशी सालानंतर तो आखातात गेला. पत्र लिहिणाऱ्यांतला नव्हताच. तिथल्या वाळूत पळत असणार, आणि कुणीतरी अरब त्याचं घड्याळ धरून उभा असणार. माझ्याबरोबर दुसरा फिटर येऊ लागला. तो गाडीत बसला की झोपायचा.

मला मात्र तो दिसतो त्या गावातून निघायच्या सकाळी. आम्हाला एसटी स्टँडवर सोडायला कारखान्याची जीप होती. त्याने ती तालमीपाशी थांबवायला लावली, प्रवासाचा धुतलेला शर्ट काढून सीटवर ठेवला आणि फरशीवर हात टेकले. एसटी चुकेल म्हणून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

"ए, दम धर," दारातून वस्ताद म्हणाला. "अजून तेवीस राहिलेत."

याने मान वर केली नाही. खाली गेला, वर आला. बावीस राहिले.