न हलणारी पिशवी
केळीच्या चिकाचा तुरट वास आला की बहादरपूरच्या आमच्या बागेतली ती दुपार आठवते. सीमेवरची लढाई थांबली होती. स्नायपरची ड्यूटी करून मी सुट्टीवर घरी आले होते आणि सवय सुटत नव्हती म्हणून रोज बागेत पालथी पडून समोर बघत राहायचे. त्या दिवशी घडांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या वाऱ्यानं सळसळत होत्या, एकच तेवढी हलत नव्हती. कोणीतरी ती धरून मागे लपलं होतं, यात शंकाच नव्हती. मी श्वास आवरला, अंतर मोजलं, नव्वद मीटर. हातात रायफल नव्हती, तरी बोट आपसूक वाकलं. अर्ध्या तासानं पिशवी सुटली आणि खोडाआडून चिकानं डागाळलेल्या सदऱ्यात बाबा बाहेर आले, तरातरा माझ्याकडे. "खरं सांग, रोज कोणाला भेटायला येतेस इथं?" "कोणालाच नाही, बाबा." त्यांना ते पटलं नाही, माझी सुट्टी संपेपर्यंत ते पाळतीवरच होते. मी कधी रागावले नाही. ज्यांच्यावर मी इतका वेळ नेम धरला, त्यांच्यातले उठून माझ्यापर्यंत चालत आलेले आजवर ते एकटेच.