गार्डीणकाकूंचा खेळ

गार्डीणकाकूंना बॅडमिंटनमध्ये हरवणं सोपं होतं, थांबवणं अवघड. झाशीच्या रेल्वे वसाहतीत, आमच्या क्वार्टरसमोरच्या गल्लीत त्या रोज संध्याकाळी पदर खोचून उभ्या राहायच्या. ना जाळी, ना रेघा. समोर कोणीही असो, फूल अगदी त्याच्या रॅकेटवर यायचं. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच जोरात मारायला शिकले होते. एकदा तसं मारून मी "पॉइंट!" म्हणून ओरडले, तर फूल उचलत त्या म्हणाल्या, "झाला ना तुझा? चल, आता खेळूया."

काका रेल्वेत गार्ड; मालगाडीवर गेले की परतायचा नेम नसे. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळ काकूंना घरात सोसत नसावी.

शेजारच्या घरात जवळच्या गरौठा गावची सविता नवी सून म्हणून आली. डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, बोलायची तर मुळीच नाही. काकूंनी तिला हाताला धरून गल्लीत आणलं. त्यांची हिंदी शेवटपर्यंत मराठीच राहिली. "बहू, कुछ नहीं करने का. फूल को पडने नहीं देने का, बस."

"काकीजी, जा तो चिरैया है," सविता तिच्या बुंदेलीत पुटपुटली. ही तर चिमणी, म्हणे. तिचं आम्ही ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

वर्षभरात ती तरबेज झाली, आणि सासूच्या डोळ्यांवर आली. हिवाळ्यात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये बायकांचे सामने ठरले, तेव्हा सासूने बजावलं, "जीती तो आगे खेलना. नहीं तो रॅकेट चूल्हे में."

अंतिम सामन्याला समोरासमोर नेमक्या काकू आणि सविता. काकू उंच, सोपं फूल देत होत्या आणि सविता ते तितक्याच हळुवारपणे परत करत होती. काकूंवर मारायला तिचा हात उठेना. लोक कंटाळले. पहिल्या रांगेत सासू बसलेली. शेवटी काकूच जाळीजवळ येऊन कळवळून म्हणाल्या, "मारो बहू! कल खेलना है ना?"

सविताने डोळे पुसले आणि मारलं. कप सासूनेच मिरवत घरी नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी गल्लीत होत्या.

आता मी पुण्यात असते. इथल्या क्लबात कोर्ट झकास आहे. सगळे गुण मोजतात, घाम पुसतात आणि आपापल्या गाडीत बसतात. मला मात्र ती खडबडीत गल्ली हवी असते, आणि अंधार पडला तरी "अजून एकदा" म्हणणारं कोणीतरी.

मी अजून झाशीत असतानाच काका निवृत्त झाले आणि ती दोघं नाशिकला निघाली. स्टेशनवर सविता पोर कडेवर घेऊन आली होती. खिडकीशी जाऊन ती चक्क मराठीत म्हणाली, "काकू, जाऊ नका."

काकूंनी तिचा हात घट्ट धरला. गाडी हलली तरी सोडेनात. शेवटी काकांनीच तो हलकेच सोडवला.