हबीबभाईंच्या डब्यातील नाणी

‘कापूस बसला तसा हबीबभाईनं धंदा बदलला. मोबाइलवर खोटी नाणी विकून राह्यला होता. मेल्यावर डबाभर सापडली ना.’ दिग्रसच्या कापूस बाजारात आजही हे सांगितले जाते, आणि सांगणारे तेच आहेत ज्यांनी हबीबभाईंच्या नुसत्या शब्दावर वर्षानुवर्षे सौदे केले. डबा सापडला, हे मी नाकारत नाही. बाकीचे सर्व नाकारतो.

हबीबभाई कापसाचे दलाल. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत आणि धाग्याची लांबी सांगत. पुढे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मी ज्या जिनिंगचा व्यवस्थापक होतो, तीही बंद पडली. बाजाराचे आवार ओस पडले, तेव्हा हबीबभाईंनी जुन्या नाण्यांचा नाद पुन्हा धरला: मुघल रुपये, निजामी पैसे, चौकोनी भोकाची चिनी नाणी. दुपारी ते माझ्या ओसरीवर बसून मोबाइलवर नाणी विकणाऱ्यांच्या जाहिराती पाहत.

एकदा त्यांनी दोन निरनिराळ्या विक्रेत्यांचे दोन मुघल रुपये मला मोबाइलवर दाखवले. दोन्हींवर एकाच जागी एकच ओरखडा होता. ‘मॅनेजरसाब, दोन मानसांच्या गालावर एकाच जागी एकच व्रण काहून असन?’ हातोड्याने ठोकून पाडलेली खरी मुघल नाणी अशी जुळी नसतात. ही एकाच साच्यात ओतलेली होती. त्यांनी त्यातल्या एका विक्रेत्याला फोन लावला.

‘काठ दाखव ना बाबू. तोंड त सारेच धुऊन येतात.’

‘चाचा, फोटो में सब दिखता है.’

‘मंग काठ कायले लपवून राह्यला?’

पलीकडून फोन बंद झाला. तरीही दोन्ही रुपये त्यांनी मागवले. ओतीव नाण्याच्या काठावर साच्याची शिवण राहते. ती त्यांनी माझे बोट फिरवून मला दाखवली. खोटे ठाऊक असून घेता कशाला, असे मी रागाने विचारले. ‘मी नाही घेतलं त कोनी खरं समजून घेईन,’ एवढेच ते म्हणाले. बाजाराला हे पटत नाही. विकणाराही असेच बोलेल, असे बाजार म्हणतो.

ते गेले तेव्हा मला काहीच वाटले नाही. अजूनही ते गेल्याचे दुःख नीटसे होत नाही. दफन झाल्यानंतर त्यांची मुलगी शमीम, जी पुसदला शिक्षिका आहे, तो डबा घेऊन माझ्याकडे आली.

‘काका, बाजारातून जाता येत नाही मले. अब्बांनी विकली असन त तसं सांगा. मी आयकून घेईन.’

आम्ही डबा खाटेवर रिता केला. बाजारातल्या कोणीही त्यातले नाणे हाती घेऊन पाहिलेले नाही, आम्ही पाहिले. प्रत्येक नाणे लोखंड कापायच्या करवतीने काठापासून मध्यापर्यंत चिरलेले होते.