भिजलेल्या पानाचा रंग

“डोळं मिटून बघा की!” असं म्हणून अक्का स्वतः डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. रंग पसंत करायची ही तिची रीत. बिचारा रंगारी माझ्याकडे बघायचा. शेजारी असलो म्हणून मी तरी त्याला काय सांगणार!

सत्तरच्या दशकातलं सोलापूर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. गिरणीचा भोंगा झाला की अर्धं गाव कामाला निघायचं आणि अर्धं झोपायला यायचं. आमच्या चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून अक्का राहायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही. दारात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, हातात पान. रिकाम्या हातांची अक्का मी कधी पाहिलीच नव्हती.

तिचा नवरा गिरणीत मागावर होता. त्याला कायमची रातपाळी लागली आणि घराचं तंत्रच बिघडलं. दिवाळीत अक्कानंच हौसेनं आतल्या खोलीला नीळ घालून लख्ख चुना मारून घेतला होता. आता त्याच भिंती वैरी झाल्या. खिडकी लावली तर पत्र्याखाली माणूस भाजून निघे, उघडली तर ऊन चारी भिंतींवरून डोळ्यांत घुसे. अक्का दिवसा त्याच्या उशाशी पंखा हलवत बसू लागली आणि विड्या रात्री वळू लागली. तरी त्याचा डोळा लागेना. तो मागावर उभ्याउभ्या पेंगायला लागला.

“नोकरी गेली तर जाऊ दे,” ती माझ्या आईला म्हणाली. “मागाच्या पट्ट्यात हात गेला तर काय करू, सांगा की.”

मग एके सकाळी तिनं सुपातलं भिजवलेलं विडीचं पान उचललं आणि भिंतीला लावलं. गडद, मातकट, उबदार तपकिरी. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. “ह्यो रंग. झोपलेल्या माणसाला डोळं मिटून जसं दिसतंय, तसं बघायला पायजे.”

“अगं, झोपायची खोली आहे की कणगी?” आई म्हणाली.

“कणगीत जवारी निवांत झोपती की, मावशी!”

आईनं हसून हात जोडले. हे आमच्या घरात क्वचित घडायचं.

रंगाऱ्यानं चुन्यात काव आणि काजळी कालवली. पान शेजारी धरून, दहा वेळा डोळे मिटून, रंग जमला. संध्याकाळी भिंत अगदी भिजल्या पानासारखी दिसत होती. सकाळी बघतो तर काय, दूध जास्त झालेल्या चहासारखी! अक्का मटकन खाली बसली.

“पान वाळलं की फिकं हुतंय, ह्यात जन्म गेला माझा. भिंत बी वाळती, ह्ये सुचलंच न्हाय!” आधी ती हसली, मग तिला रडू फुटलं. “ह्येंनी आज झोपायचं कुटं?”

तोवर चेष्टा करणाऱ्या रंगाऱ्यानं पुन्हा बादली उचलली. त्या दिवशी नवऱ्याला आमच्या खोलीत आडवं केलं. इकडे रंगाऱ्यानं चुन्याला फाटा दिला. नुसती काव, काजळी आणि सरस. बादलीत चिंचेच्या कोळासारखं काहीतरी घट्ट दिसत होतं. पान त्यापुढे फिकं पडलं, पण कुणी घाबरलं नाही; वाळल्यावर भिंत पानाच्याच रंगावर येणार, हे आता ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा पाळीवरून आला, भाकरी खाऊन आत गेला. आम्ही बाहेर उभे. काही काम नसताना रंगारीही आला होता. आवाज नको म्हणून आईनं स्टोव्ह पेटवला नाही. बराच वेळ काहीच नाही. आणि मग घोरणं सुरू झालं. काय ते घोरणं! एरवी शेजारी म्हणून मी भांडायला गेलो असतो. त्या दिवशी मला इतकं हायसं वाटलं की रंगाऱ्याला मिठीच मारली.

पुढे ती दोघं मुलीकडे राहायला गेली. नव्या भाडेकरूंनी आल्या आल्या पांढरा चुना मारला. त्यांच्यावर माझा राग नाही; त्यांना रात्री झोपायला मिळत होतं.

पण अक्का म्हटलं की मला तीच सकाळ दिसते. घोरणं ऐकून मी तिला काहीतरी बोलायला वळलो, तर ती दाराच्या चौकटीला टेकून गाढ झोपली होती. मांडीवर सूप होतं, आणि दोन्ही हात रिकामे.