स्टीअरिंगचे चार बोल्ट

जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात एखादी बाई अडीच सुताचा, बारीक आट्यांचा, हाय टेन्साइल बोल्ट मागायला गेली, की दुकानदार आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघतो. माझ्या मागे कुणी नव्हतं.

"गाड़ी किसकी है, मैडम?"

"पापा की."

"तो उनको भेज दो ना. उनको समझा देंगे."

मला समजतं, तुम्ही बोल्ट दाखवा, असं मी सांगितलं. त्याने आठ मिलिमीटरचा बोल्ट काउंटरवर टाकला. पिशवीतला जुना नट काढून मी त्यावर फिरवला. तिसऱ्या फेऱ्याला तो अडकला. गाडी इंग्रजी बनावटीची होती, तिचे आटे इंचा-सुतांत मोजायचे; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ मिलिमीटर आणि अडीच सूत नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकमेकांत बसत नाहीत.

"पाने से कस दो, बैठ जाएगा," तो म्हणाला.

मी विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासते. 'बसलेले' बोल्ट तुटल्यावर कसे दिसतात त्याचे फोटो माझ्या टेबलावर नेहमी येतात. हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी नट उचलला आणि बाहेर पडले. त्या दिवशी असली चार दुकानं झाली.

गाडी अकरा वर्षं मानसरोवरच्या घरी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. बाबा हाडांचे डॉक्टर, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेले. पंचाहत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या मनात आलं, की गाडी पुन्हा चालती करायची आणि आईला घेऊन रविवारी आमेरला जायचं. मी शाळेत असताना आम्ही तसे जायचो, डब्यात धपाटे घेऊन. मिस्त्रीने गाडी खोलली तेव्हा सगळे बोल्ट एकाच घमेल्यात टाकलेले मी पाहिले आणि ते काम स्वतःकडे घेतलं. प्रत्येक बोल्टला वेगळी पिशवी, पिशवीवर चिठ्ठी: कुठून निघाला, जाडी, लांबी, आटे, ठेवायचा की बदलायचा. वहीत त्याच क्रमाने यादी.

"हे काय, पोस्टमॉर्टेम चाललंय?" बाबा म्हणाले.

"तुम्ही गाडी चालवणार आहात, म्हणून चाललंय."

यादीत चार बोल्टांखाली मी लाल रेघ मारली होती. चाक वळवणारे स्टीअरिंगचे दांडे याच चार बोल्टांनी चाकांशी जोडलेले असतात. ते तुटले तर स्टीअरिंग हातात राहतं आणि चाक हवं तिकडे जातं. बाकी बहुतेक बोल्ट तुटले तर गाडी थांबते, फार तर खडखडते. या चारांमध्ये मला तडजोड नको होती.

शेवटी ते मिळाले दुर्गापुऱ्याच्या बाजूला, जुन्या ट्रॅक्टरचं सामान विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे. जुन्या ट्रॅक्टरांनाही इंचातलेच आटे. त्याने एक प्रश्न न विचारता डबा पुढे सरकवला. बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा होत्या, म्हणजे कणखर पोलाद. नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला. सहा घेतले, दोन जास्तीचे. चार मिस्त्रीच्या हातात दिले आणि वहीत खूण केली.

पुढच्या शनिवारी गाडी तयार झाली म्हणून मिस्त्रीच्या गॅरेजवर बघायला गेले. जमिनीवर चटई टाकून खाली शिरले, कारण खूण केली म्हणजे काम झालं असं मी मानत नाही. चारही बोल्ट आरशासारखे चमकत होते. डोक्यांवर एकही रेघ नव्हती. वहीच्या दोऱ्याला बांधलेलं चुंबक लावून पाहिलं, ते पोलादाला चिकटतं तसं चिकटलं नाही, घसरून खाली पडलं.

मिस्त्री म्हणाला, "डाक्टर साब ने दिए हैं. बोले, वो वाले निकाल दे." बाबांनी कधीतरी त्याचं कोपर जोडलं होतं. त्याच्यापुढे माझ्या यादीची किंमत शून्य.

घरी गेले. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते.

"बोल्ट तुम्ही बदललेत?"

"स्टेनलेस स्टील आहे. खास करून घेतलेत लेथवर. माझा सर्जिकल सामानाचा जुना माणूस आहे त्याच्याकडून." त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "तुझे ते काळे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतील."

"गंजतील तेव्हा बदलू. स्टेनलेस त्या जागी चालत नाही. ते मऊ असतं, ताण आला की लांबतं."

"मला सांगतेस? पस्तीस वर्षं माणसांच्या मांड्यांत बसवलंय मी ते. अजून चालतायत लोक. आणि तुझ्या चाकात टिकणार नाही?"

"माणसाचं वजन आणि खड्ड्यात आपटणारी गाडी..."

"तुला सगळीकडे क्लेमच दिसतात. घरात पाऊल टाकलंस की अपघात."

माझा आवाज चढला. उद्या सकाळी ते आईला शेजारी बसवून या बोल्टांवर आमेरचा रस्ता धरणार होते. मी सरळ विचारलं, "आईला मारायचंय का तुम्हाला?"

त्यांनी पेपर घडी करून टेबलावर आपटला. "बोलायची पद्धत बघ हिची! दोन बोल्ट विकत काय आणले, इंजिनिअर झाली."

मी परत जाऊन मिस्त्रीच्या शिकंज्यात दोन्ही प्रकारचा एकेक बोल्ट पकडून पिळून आणला. पान्याला लांब नळी लावून पिळला, तर स्टेनलेसचा मान पिळल्यासारखा वळला, तेवढ्याच जोराने ट्रॅक्टरवाल्याचा हलला नाही. दोन्ही टेबलावर ठेवले. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "एका पेशंटवरून निष्कर्ष काढत नाहीत."

तेव्हा मला सुचलं ते खरं तर आधीच सुचायला हवं होतं.

"तुम्ही स्टेनलेसची प्लेट बसवलीत की पेशंटला पाय का टेकू देत नव्हतात? सहा-सहा आठवडे?"

"हाड जुळायचं असतं म्हणून."

"आणि जुळलंच नाही तर?"

स्वयंपाकघराच्या दारातून आईच म्हणाली, "तर प्लेट तुटते. जेवताना किती वेळा सांगितलंयत, अहो. मतलब, मला पाठ झालंय आता."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणी नाही. पण उद्या बसायचं मला आहे ना?"

"इथे हाड नाही, बाबा," मी म्हटलं. "जुळून भार घेणारं काही नाही. जन्मभर सगळं त्या बोल्टनेच पेलायचंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शस्त्रक्रियेत चूक करणाऱ्या नवशिक्याकडे ते असंच बघत असणार. मग उठले. "काढ. घाल तुझे. पण मग ती गाडी तुझी. मी स्टीअरिंगला हात लावणार नाही."

मला वाटलं होतं, निदान एकदा तरी 'बरोबर आहे' म्हणतील. म्हणाले नाहीत. मीही 'तुम्हीच चालवा' असं म्हटलं नाही. वाटलं होतं तरी म्हटलं नाही. संध्याकाळी मिस्त्रीच्या शेजारी बसून चारही बोल्ट बदलून घेतले. म्हाताऱ्याकडचे दोन जास्तीचे होते म्हणून भागलं, कारण मिस्त्रीने माझ्या चारांतला एक हरवला होता आणि एक मी पिळून पाहिला होता. तो सगळा वेळ तोंड पाडून होता.

रविवारी सकाळी सात वाजता गाडी फाटकाबाहेर काढली. आई पुढे, माझ्या शेजारी बसली. डबा तिच्या मांडीवर होता. बाबा येणार नाहीत असं धरून मी गिअर टाकला, तेवढ्यात मागचं दार उघडलं. ते आत बसले, टॅक्सीत बसतात तसे, खिडकीकडे तोंड करून. माझ्याकडे पाहिलं नाही.

टोंक रोडवर पहिला मोठा खड्डा चुकवताना मी चाक जोरात वळवलं. गाडी सांगितल्यासारखी वळली. आईने वळून पाहिलं. बाबांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती.

"तिला सांग," ते आईला म्हणाले, "क्लच पूर्ण दाबत जा म्हणावं. गिअर घासतोय."

"तू ऐकलंस ना?" आई मला म्हणाली.

"ऐकलं. त्यांना सांग, दाबते."

आमेर येईपर्यंत आम्ही असंच बोललो.