भोक नसलेली चकती

डोंबिवलीच्या एमआयडीसीत राघो भोईरने एकतीस वर्षं भट्टी सांभाळली. चिनीमातीचे इन्सुलेटर भाजायची भट्टी. झरोक्यातून आतला रंग बघून तो आच सांगायचा, आणि मीटर सहसा त्याच्याच बाजूने बोलायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्याला सत्तावन्नावं लागलं होतं. ओळखीने ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत भुकटी दाबून घट्ट करणारं प्रेस चालवायचं काम मिळालं.

तिथल्या समृद्धी मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. हवेतून निव्वळ ऑक्सिजन वेगळा काढणारी सिरॅमिकची चकती त्यांना बनवायची होती. पांढऱ्या भुकटीत पाण्याचे चार थेंब टाकून त्या म्हणाल्या, "राघोकाका, हिला जोरात दाबायचं आणि अडीचशे अंशांवर ठेवायचं. बस."

"अडीचशेला भाकरी भाजते, मॅडम. याला चौदाशे तरी लागतील."

"दाबाखाली त्या पाण्यात कणांच्या कडा विरघळतात आणि कण एकमेकांना धरतात. बघा तरी."

चकत्या निघायच्या, पण तडकलेल्या. तीन आठवडे तेच. राघो तुकडे खिशात घालून खडवलीला घरी न्यायचा, उजेडात धरून बघायचा. प्रत्येक तडा आडवा, पापुद्रा सुटल्यासारखा. भट्टीचं दार घाईने उघडलं की माल असाच जायचा.

"ही दाबताना नाय तडकत, मॅडम. सोडताना तडकते," तो म्हणाला.

त्या दिवशी प्रेसचा व्हॉल्व्ह त्याने स्वतः धरला आणि दाब केसाकेसाने सोडत पाऊण तास घेतला. कॅरमच्या स्ट्रायकरएवढी चकती अखंड निघाली. टेबलावर हलकेच ठोकली तर लोखंडासारखी वाजली. विस्तवाशिवाय. राघोने ती दोन्ही हातांत घेतली आणि उजेडात धरून कडेकडेने तपासली.

मग ती एका नळीत मधोमध घट्ट बसवून तापवली. एका बाजूला साधी हवा, दुसऱ्या बाजूची हवा काढून टाकलेली. पलीकडच्या मीटरवर नायट्रोजन शून्यावरच राहिला. ऑक्सिजनचा आकडा हळूहळू चढू लागला.

"भोक कुठंय?" राघोने विचारलं.

"नाहीच. असतं तर सगळी हवा गेली असती. आत रिकाम्या जागा आहेत, फक्त ऑक्सिजनला बसतील अशा. तापलं की त्याचा एक कण पुढच्या जागेत सरकतो, त्याच्या जागी मागचा येतो."

आकडा स्थिर होईपर्यंत राघो स्टुलावरून उठला नाही. एवढ्या वर्षांत त्याने हजारो नग भाजले होते. त्यांच्या आतही काही हलत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

शनिवारी त्याने बायकोला, नीलाला, प्रयोगशाळा दाखवायला आणलं आणि थंड चकती तिच्या हातावर ठेवली. तिने फुंकर मारून पाहिली.

"यातून काय जाणार?"

"जातं," राघो म्हणाला. परतीच्या लोकलमध्ये कसं जातं ते सांगता सांगता खडवली कधी आलं, दोघांनाही कळलं नाही.