पावणेअकराचं पाणी

आईच्या घरात रोज सकाळी पावणेअकराला कोणीतरी पाणी भरत होतं. घर बंद होतं आणि आईला जाऊन दोन महिने झाले होते.

मला हे फोनवर कळायचं. विश्रांतवाडीतल्या त्या जुन्या सोसायटीचं पाणी एका खासगी कंपनीकडे द्यायचं की नाही, यावर वर्षभर भांडणं झाली. घरावर माझंही नाव, म्हणून मी सभांना जायचो. मी कंपनीच्या बाजूचा. आई आणि समोरच्या काकू विरोधात. आई एकदा भर सभेत म्हणाली, "म्हणजे तहान लागली की आधी पेट्रोल पंपासारखं शून्य बघायचं का?" सगळे हसले, मीही हसलो आणि हात कंपनीसाठी वर केला. ती गेल्यावर तिच्या घराच्या अर्जावर मीच सही केली आणि मीटर बसला; त्याचा आकडा माझ्या फोनवर दिसायचा. काकूंनी सही केली नाही, तेव्हा त्यांची जुनी लाइन बंद झाली. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पाण्याचं काय करतात, हे मी विचारलं नाही. न विचारणं सोयीचं होतं.

पहिल्यांदा आकडा हलला तेव्हा गळती समजून मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, लीकेज नाहीये. लीकेज असं थांबत नाही. कोणीतरी नळ ओपन करतंय आणि परत बंद करतंय." हिंजवडीच्या ऑफिसात एसी चालू होता, तरी मला घाम फुटला.

पावणेअकरा ही आमच्याकडे पूर्वी पाणी यायची वेळ. आता पाणी चोवीस तास होतं, त्या वेळेला नळापाशी उभं राहायचं कुणाला कारण नव्हतं. आई मात्र उभी राहिली असती. ती शिळं पाणी कुंड्यांना घालायची, हंडा विसळायची, मग भरायची. फोनवरचा आकडाही तसाच चालायचा. आधी थोडासा, मग जरा थांबून, मग सलग.

खरं सांगतो, आठवडाभरात भीतीपेक्षा ओढ जास्त झाली. मीटिंग चालू असली तरी मी त्या वेळेला फोन बघायचो. एके दिवशी आकडा दहा मिनिटं उशिरा हलला, तर माझा जीव खालीवर झाला. बायकोला सांगितलं नाही. तिनं डॉक्टरकडे नेलं असतं.

शेवटी एका रविवारी दहालाच तिथे गेलो. दाराचं लॅच जसंच्या तसं. आत सगळीकडे धूळ होती, फक्त स्वयंपाकघरात नव्हती. हंडा काठोकाठ भरलेला, वर ताटली, आई ठेवायची तशी. मी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसलो. चपला काढायचंही भान नव्हतं.

पावणेअकराला नळ सुटला. आधी थोडासा, मग जरा थांबून, मग सलग. इकडे हातातल्या फोनवर आकडा चढत होता. आकड्याखाली पाणी बंद करायचं लाल बटण होतं. कुठूनही बंद करता येतं, म्हणून मी सभेत त्याचं केवढं कौतुक केलं होतं. उठून बघायची हिंमत झाली नाही. मी बटण दाबलं.

धार तुटली. मग आवाज आला, "वहिनी, तुमचा हंडा झाला हो. माझी कळशी राहिली."

काकू होत्या. आईची दुसरी किल्ली कायम त्यांच्याकडे असायची आणि त्यांची आईकडे. पाण्याच्या वेळेला जी घरी असेल, तिनं दोन्ही घरचं भरायचं. इतकी रोजची गोष्ट, की मी ती हिशेबात धरलीच नव्हती. स्वतःचा नळ कोरडा असलेली ही बाई रोज आधी आईचं भरत होती, मग कळशीभर आपल्याला नेत होती.

मी बाहेर आलो. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. मी घाईघाईनं पाणी परत चालू करायला गेलो, तर उत्तर आलं, विनंती मिळाली, उद्या कामाच्या वेळेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हंडा उचलून त्यांच्या कळशीत ओतू लागलो.

त्यांनी कळशीवर हात धरला.

"राहू दे. ते वहिनींचं आहे. तुझ्याकडून पाणी घ्यायचं असतं, तर सही नसती का केली?"